पंधरा पिनांची जॉयस्टिक

दिवाळीच्या आधी साताऱ्याला माळा आवरायला गेले होते. आईचा फतवा होता, नको ते रद्दीत, हवं ते घेऊन जा, पण परत वर काही चढवायचं नाही. वरून काय काय निघालं ते सांगत बसत नाही, पितळी स्टोव्ह, माझ्या दहावीच्या वह्या, दोन फुटक्या कुंड्या, आणि उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून वर नाडीनं बांधलेलं एक जड काहीतरी. सोडलं तर बाबांची जॉयस्टिक. सीएच फ्लाइटस्टिक प्रो. काळा ठोकळा, वर काठी, काठीवर चार बटणं, डोक्यावर, गेममध्ये मान वळवून बघायला, अंगठ्यानं चारी दिशांना ढकलायची ती बारकी टोपी जिला हॅट म्हणतात, आणि ठोकळ्यावर थ्रॉटलचं, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायचं चाक.

ही १९९८ साली न्यू जर्सीच्या काकांनी आणलेली. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, विमानात तेव्हा एकदाही बसलेले नव्हते, आणि घरात पीसी घेतला होता तो "पोरीच्या शिक्षणासाठी". पोरीचं शिक्षण संध्याकाळी सातपर्यंत, मग बाबा फ्लाइट सिम्युलेटर ९८ लावायचे. तो गेम सुरू झाला की विमान कायम शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभं असायचं, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, आणि बाबा रोज तिथून उडून, इमारतींना वळसा घालून, परत तिथेच उतरायचे. दुसरीकडे कुठे जायचेच नाहीत. मी म्हणायची बाबा न्यूयॉर्कला जा की, तर म्हणायचे आधी इथं नीट उतरता येऊदे.

तर मी म्हटलं ही मी पुण्याला नेते आणि चालू करून देते. बाबा म्हणाले ने, पण वायर कापू नको. हे एक वाक्य म्हणाले आणि पुढचे दोन महिने मला त्याच एका वाक्यानं कामाला लावलं.

आता अडचण काय ते सांगते. जॉयस्टिकच्या वायरीच्या टोकाला पंधरा पिनांचा चपटा प्लग आहे, वर आठ पिना, खाली सात. हा गेमपोर्ट. आयबीएमनं १९८१ मध्ये पहिल्या पीसीबरोबर काढला, आणि नंतर साउंड कार्डाच्या मागे तो असायचाच. मग यूएसबी आलं, साउंड मदरबोर्डवर गेला, विंडोज व्हिस्टानं तर गेमपोर्टचा सपोर्टच काढून टाकला. माझ्या लॅपटॉपला यूएसबीची तीन भोकं आणि हा प्लग, सोयरिक जमायची कशी.

आणि ही नुसती प्लगच्या आकाराची भानगड नाही हो. मला आधी वाटलं होतं पंधरा पिना इकडे, चार वायरी तिकडे, कुठली कुठे जोडायची तेवढं कळलं की झालं. तसं नाही. या जॉयस्टिकमध्ये डोकं असं काही नाहीच. आत फक्त पॉट आहेत, म्हणजे जुन्या रेडिओच्या आवाजाचं बटण फिरवतो ना आपण, त्याच्या आत असतो तसला बदलता रेझिस्टर, एका अक्षाला एक, शून्य ते साधारण एक लाख ओहम. काठी हलली की ओहम बदलतात, बस, जॉयस्टिकचं काम संपलं. ते ओहम मोजायचे ते कॉम्प्युटरनं. कार्डावर एक टायमरची चिप असायची, ५५८ नावाची, काठी किती वळलीय त्यावर एक छोटा कपॅसिटर, म्हणजे थोडीशी वीज साठवणारी बारकी टाकीच, भरायला कमीजास्त वेळ लागायचा आणि प्रोसेसर आपला बसून मोजत राहायचा, भरला का, भरला का, भरला का. लागलेला वेळ म्हणजे काठीची जागा. पूर्ण एका टोकाला असेल तर जास्तीत जास्त एक मिलिसेकंदाच्या थोडं वर. मला हे कळलं तेव्हा फार गंमत वाटली, म्हणजे बाबा शिकागोवर घिरट्या घालत होते तेव्हा तो बिचारा पेंटियम अर्धा वेळ कपॅसिटर भरायची वाट बघत होता.

सगळ्यात आधी अर्थातच सोपा रस्ता बघितला. ऑनलाइन गेमपोर्ट टू यूएसबी असा तयार कन्व्हर्टर मिळाला, कुठला ते सांगत नाही, त्यावर कंपनीचं नाव तरी कुठे होतं म्हणा. लावला. लॅपटॉपला काहीतरी जॉयस्टिक लागलीय एवढं कळलं. विंडोजमध्ये रनमध्ये जाऊन जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की जॉयस्टिक तपासायची जुनी खिडकी उघडते, ती अजून आहे, तिच्यात एक अधिकचं चिन्ह काठीबरोबर हलतं. हललं. मी खूश. मग थ्रॉटलचं चाक फिरवलं, काही नाही. हॅट वर ढकलली, तर चारही बटणांचे दिवे एकदम लागले. आणि काठी सोडली तरी ते चिन्ह मधोमध उभं न राहता तापातल्या माणसासारखं थरथरत होतं. परत पाठवायची मुदत चार दिवस होती, मला हे सगळं कळेपर्यंत सहावा दिवस उजाडला होता. तो कन्व्हर्टर आता लेकाच्या खेळण्यात आहे.

चारही दिवे का लागले ते नंतर उलगडलं, आणि ते खरं म्हणजे हुशारीचं काम आहे. गेमपोर्टला बटणांसाठी चारच पिना. सीएचवाल्यांना चार बटणं पण हवी होती आणि हॅटच्या चार दिशा पण. मग त्यांनी हॅट अशी जोडली की ती ढकलली की बटणंच दाबली जातात, पण एकत्र. वर ढकलली की चारही, बाकी दिशांना दोन किंवा तीनचे वेगवेगळे गट. गेमला हे गट माहीत असायचे, चार एकदम म्हणजे वर बघतोय. म्हणून या काठीवर दोन बटणं एकदम दाबायची सोयच नाही, दाबली तर गेमला वाटू शकतं तुम्ही मान वळवताय. थ्रस्टमास्टरवाल्यांनी याच अडचणीवर वेगळा उपाय केला होता, त्यांच्या एफसीएस नावाच्या काठीत हॅट चौथ्या अक्षावर बसवलेली, एकेका दिशेला एकेक ठरावीक रेझिस्टर. म्हणजे प्रत्येकाचं आपलं वेगळं शहाणपण, आणि तो स्वस्तातला कन्व्हर्टर यातल्या कुणालाच ओळखत नव्हता.

मग ठरवलं आपणच करायचं. माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, इलेक्ट्रॉनिक्सची नाही, सोल्डरिंग कॉलेजात एकदा केलं होतं तेवढंच, पण प्रो मायक्रो म्हणून एक बोटाएवढा बोर्ड मिळतो, त्यावर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते, आणि तिची खासियत म्हणजे ती स्वतःच यूएसबीवर की-बोर्ड, माउस किंवा जॉयस्टिक असल्याचं सोंग आणू शकते. ड्रायव्हर लागत नाही. अर्डुइनो उनोचा जुना बोर्ड घरात असेल तर तो याला चालत नाही, त्याची मुख्य चिप थेट यूएसबीवर बोलत नाही, हे मी उनो बाहेर काढून, पुसून, टेबलावर मांडून झाल्यावर वाचलं. आणि हो, हेच काम करणारे तयार ओपन सोर्स कोड आहेत, बोर्डावर चढवला की झालं, सीएच ओळखतात, मायक्रोसॉफ्टच्या साइडवाइंडर पण ओळखतात. घाई असेल तर सरळ तेच घ्या. मला घाई नव्हती, आणि मला ते कपॅसिटर भरणं स्वतः बघायचं होतं.

बोर्ड घेताना पाच व्होल्टचा, सोळा मेगाहर्ट्झवाला घ्या, त्याचाच ३.३ व्होल्टवाला जुळा भाऊ असतो, दिसायला सेम. मी पाचवाला घेतला आणि कोड चढवताना लिस्टमधून चुकून दुसराच निवडला, तर बोर्ड लॅपटॉपला दिसायचाच बंद झाला. मेला असं समजून मी दुसरा मागवायला निघाले होते. मग वाचलं की रीसेटची पिन ग्राउंडला पटकन दोनदा टेकवायची, मग तो आठ सेकंद जागा होतो, तेवढ्यात नवीन कोड घुसवायचा. आठ सेकंदांत एका हातात वायर, दुसऱ्या हातात माउस. तिसऱ्या झटक्यात जमलं.

कनेक्टरसाठी शनिवारी तपकीर गल्लीत गेले. पुण्यातल्यांना माहीतच असेल, बुधवार पेठेतली, स्कूटर लावायला जागा मिळाली तर निम्मं काम झालं समजायचं. एका दुकानात म्हटलं पंधरा पिनचा कनेक्टर द्या, फीमेल. त्यांनी न बघता काढून दिला, मी न बघता घेतला, घरी येऊन बघते तर तो व्हीजीएचा, मॉनिटरचा. पिना पंधराच, पण तीन ओळींत. परत पुढच्या शनिवारी. या वेळी जॉयस्टिकच सोबत नेली, पिशवीतून काठी बाहेर काढली तर काउंटरवरचे काका हसायलाच लागले, म्हणाले "ताई, हे कुठून उकरून काढलंत? आमच्याकडे ढिगानं असायचे हे कनेक्टर, कोणी घेईना म्हणून विकले भंगारात." मग आतून पोऱ्यानं एक डबा आणला, त्यात खाली तीन निघाले. तिन्ही घेतले. काकांनी पैसे एकाचेच घेतले.

आता सोल्डरिंग. पिनांचे नंबर नेटवर सापडतात, १, ८, ९ आणि १५ वर पाच व्होल्ट, ४, ५ आणि १२ ग्राउंड, ३ आणि ६ वर पहिल्या जॉयस्टिकचे आडवा-उभा अक्ष, ११ आणि १३ वर दुसरीचे, आणि २, ७, १०, १४ ही बटणं. (साउंड कार्डवाल्यांनी पुढे १२ आणि १५ मिडीसाठी, म्हणजे कॉम्प्युटरला वाद्यं जोडायला पळवल्या, आपल्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.) मी सगळं कागदावर काढलं, रात्री लेक झोपल्यावर बसले, अकरा वायरींचे डाग दिले, पहिले पाच गोळे गोळे, नंतरचे बरे. लावलं, आणि काठी उजवीकडे नेली की चिन्ह खाली. काठी पुढे ढकलली की चिन्ह बाजूला. ट्रिगर दाबला की दोन नंबरचं बटण.

अर्धा तास कोड बघितला. कोड बरोबर. मग लक्षात आलं, मी कागदावर प्लग समोरून बघून काढला होता आणि डाग दिले होते कनेक्टरच्या पाठीमागून. सगळं आरशातल्यासारखं उलटं. पहिल्यांदा पोटात गोळाच आला, म्हणजे पाच व्होल्ट ग्राउंडवर गेले असतील, बोर्ड, लॅपटॉपचं पोर्ट, बाबांची काठी सगळंच. मग कागद उलटा धरून परत बघितला. १ च्या जागी ८, दोन्ही पाच व्होल्ट. ४ च्या जागी ५, दोन्ही ग्राउंड. ९ च्या जागी १५, तेही पाच व्होल्ट. मधली १२ जिथल्या तिथे. फक्त अक्ष अक्षांशी आणि बटणं बटणांशी बदलली. तो सगळा प्लगच डावी-उजवी सारखा आहे! आयबीएममध्ये ज्यानं कोणी तो आखला त्यानं हे मुद्दाम केलं का ते मला माहीत नाही पण मी त्या रात्री त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. आणि परत सोल्डर केलं नाही, कोडमध्ये नंबर बदलले. आळस म्हणा.

आता मोजायचं कसं. सोपी पद्धत सगळे सांगतात ती अशी, बोर्डाला व्होल्टेज मोजता येतं, शून्य ते पाच व्होल्टचे ० ते १०२३ असे आकडे देतो. पॉटला तीन पाय असतात, एका टोकाला पाच व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड, मधल्या पायावर व्होल्टेज बदलतं, झालं. पण गेमपोर्टच्या काठीत पॉटचे दोनच पाय जोडलेले असतात. तिसऱ्या पायाला वायर लावायची तर काठी उघडून आतली जोडणी बदलावी लागणार, आणि मग ती परत कधी जुन्या पीसीला चालणार नाही. बाबांनी वायर कापू नको म्हटलं होतं, आतलं बदलू नको असं म्हटलं नव्हतं, पण अर्थ तोच ना. मग दुसरा जुगाड, बाहेरच्या बाजूला ४७ हजार ओहमचा एक रेझिस्टर ग्राउंडला लावायचा. लावला. माझ्या काठीचा आडवा अक्ष मल्टिमीटरवर साधारण ५ हजार ते ९० हजार ओहम दाखवत होता. बोर्डावर आकडे आले, एका टोकाला ९२५ च्या आसपास, मधोमध ५०६, दुसऱ्या टोकाला ३५१. म्हणजे मधल्यापासून एकीकडे चारशेच्या वर आकडे आणि दुसरीकडे दीडशे. विमान डावीकडे भुर्रकन वळायचं आणि उजवीकडे वळायला म्हशीसारखं. कॅलिब्रेशननं टोकं ओढून सारखी करता येतात, पण उजवीकडच्या दीडशे पायऱ्या दीडशेच राहतात. हे मला काही पटेना.

म्हणून शेवटी जुन्यांनी केलं तेच केलं. प्रत्येक अक्षाला २.२ हजार ओहमचा एक रेझिस्टर आणि १०३ लिहिलेला तो पिवळट बारका कपॅसिटर, दोन-तीन रुपयांचा माल. बोर्डाची पिन आधी शून्यावर ओढून कपॅसिटर रिकामा करायचा, मग पिन सोडून द्यायची आणि मोजायचं, किती वेळात भरला. यात गंमत अशी की वेळ थेट ओहमच्या प्रमाणात वाढतो, दुप्पट ओहम, जवळपास दुप्पट वेळ, म्हणून डावं-उजवं आपोआप सारखं येतं. पहिल्यांदा मी अर्डुइनोचं नेहमीचं मायक्रोसेकंदाचं घड्याळ वापरलं, तर ते चार-चार मायक्रोसेकंदांच्या उड्या मारतं, आणि माझा सगळा खेळ साडेसहाशे मायक्रोसेकंदांचा, म्हणजे पुन्हा दीडशे-एकशेसाठच पायऱ्या. चिपमधला टायमर थेट पकडला तेव्हा तो मायक्रोसेकंदाचे सोळा भाग करून मोजतो, दहा हजारांवर पायऱ्या मिळाल्या. त्यातल्या शेवटच्या शंभरेक पायऱ्या सतत नाचत असतात, कारण मध्येच यूएसबीचं काम आलं की बोर्ड मोजायचं सोडून तिकडे धावतो. त्याला उपाय, पाच वेळा मोजायचं, लहान-मोठे लावायचे आणि मधला आकडा घ्यायचा. सरासरी काढू नका, एखादा वेडा आकडा सरासरीत पण घाण करतो, मधला घेतला की तो वेडा बाजूलाच पडतो.

रात्री साडेबाराला ते अधिकचं चिन्ह चौकोनाच्या बरोब्बर मधोमध उभं राहिलं आणि हललं नाही. मी नवऱ्याला उठवून दाखवलं. तो म्हणाला, "हे न हलण्यासाठी दोन महिने चाललंय?"

मग उभ्या अक्षाचं दुखणं निघालं. काठी पुढून मागे आणताना एका विशिष्ट जागी आकडा एकदम उसळायचा, मग परत ठीक. बाबा वीस-पंचवीस अंशांत मागे-पुढे करत बसायचे त्याच जागी, म्हणजे आतली कार्बनची पट्टी तिथेच झिजलेली. काठी उघडली. खालचे स्क्रू काढले, आत सत्तावीस वर्षांची धूळ, एक वाळलेलं झुरळ आणि ग्रीस पिवळं मेणासारखं झालेलं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पॉट वीस-तीस वेळा फिरवला, निम्मं दुखणं गेलं. दारं कुरकुरली की मारतात तो स्प्रे मारू नका हं, तो तेलकट असतो, धूळ धरून ठेवतो. तरी म्हटलं नवीन पॉटच टाकू. जवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानातून एक लाख ओहमचा पॉट आणला. बसवला, तर विमान नाक खाली घालूनच उभं. पॉटवर ए१००के लिहिलेलं. ए म्हणजे ऑडिओवाला, आपल्या कानाला आवाज सारखा वाढल्यासारखा वाटावा म्हणून त्यात आधी हळू आणि नंतर भराभर ओहम वाढतात, मधोमध म्हणजे निम्मं नव्हेच. बी१००के हवा होता, तो सरळ. तो आणला, तर नवीच अडचण. साधा पॉट तीनशे अंश फिरतो आणि काठी जेमतेम साठ अंश फिरवते, म्हणजे त्याच्या एक पंचमांश भागातच सगळं विमान चालवायचं. जॉयस्टिकसाठीचे पॉट थोड्या अंशांतच पूर्ण बदलतील असे मुद्दाम बनवलेले असायचे, ते आता तपकीर गल्लीतल्या डब्यात पण नव्हते. लोक चुंबक आणि न टेकता त्याची जागा ओळखणारा हॉल सेन्सर लावतात, घासणारं काही नाही म्हणून झिजत नाही, उत्तम उपाय आहे, पण मग ती काठी बाबांची कुठे राहिली. जुनाच पॉट परत बसवला. उरलेली उसळी त्या पाचातल्या मधल्या आकड्यानं गिळली, अगदी पूर्ण नाही, पण उतरताना जाणवत नाही इतकी.

आणि मग हॅट. कोडमध्ये गट लिहिले, चारही म्हणजे वर, वगैरे. सिम्युलेटर म्हणून फ्लाइटगियर टाकला, फुकट आहे आणि माझ्या गरीब लॅपटॉपवर चालतो. ट्रिगरला ब्रेक ठेवला. धावपट्टीवर विमान पळवतेय, मान वळवायला हॅट ढकलली, की विमान खचकन ब्रेक लावून नाकावर. दर वेळी नाही, तीनातून एकदा. नोकरीच टेस्टिंगची म्हणून "कधी कधी होतं" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बटणांची दर मिलिसेकंदाची नोंद काढली तर दिसलं, हॅट ढकलली तरी बटणं एकाच क्षणी लागत नाहीत, आधी एक लागतं, दोन-तीन मिलिसेकंदांनी बाकीची येतात. तेवढ्या फटीत माझा कोड म्हणायचा, एक नंबर दाबलं वाटतं, लाव ब्रेक. मग सांगितलं त्याला, बाबा रे, काही बदललं की पंधरा मिलिसेकंद गप्प बस, चित्र स्थिर झालं की मगच बोल. हॅट सोडताना पण हेच, तिथे मी आधी विसरले होते, म्हणजे मान सरळ केली की ब्रेक.

सगळं एका साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलं, एका बाजूला पंधरा पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या बाजूनं यूएसबीची वायर. प्रो मायक्रोचं ते यूएसबीचं भोक फार नाजूक असतं, ओढ बसली तर पत्र्यासकट उखडतं, म्हणून आत वायरीला गाठ मारली आणि वर ग्लू गन. काठीच्या ठोकळ्यावर दोन बारकी चाकं आहेत, प्रत्येक अक्षाला एक, ती जरा हलली तरी मध्यबिंदू सरकतो आणि माझं कॅलिब्रेशन बोंबलतं. दोनदा तसं झाल्यावर मी ती मधोमध आणून त्यांच्यावर चक्क काळी टेप मारून टाकली.

संक्रांतीला आई-बाबा पुण्याला आले. तिळगूळ झाल्यावर मी बाबांना टेबलापाशी बसवलं. त्यांनी आधी साबणाची डबी उचलून दोन्ही बाजूंनी बघितली, मग पंधरा पिनांच्या प्लगवरून बोट फिरवलं. "वायर तीच आहे," म्हणाले.

"तीच आहे बाबा. कापली नाही."

"मेग्ज लाव."

मी सांगितलं, ते नाही आता. २००३ च्या मार्चअखेरीस शिकागोच्या महापौरांनी मध्यरात्री बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठ्ठाल्या फुल्या खणल्या, सकाळी विमानतळ संपलेलं, उभी असलेली विमानं तिथेच अडकली, मग ती शेजारच्या टॅक्सीवेवरून, म्हणजे धावपट्टीपर्यंत जायच्या रस्त्यावरूनच, उडवून काढली. आता तिथे बाग आहे. बाबा एवढे गप्प झाले की मला वाटलं उगाच सांगितलं. मग म्हणाले, "रात्री? आपल्याकडे अतिक्रमणवाले तरी नोटीस देतात."

म्हटलं जुहू लावते, जेआरडी टाटा १९३२ साली कराचीहून उतरले ते जुहू, २६ नंबरच्या धावपट्टीवरून उडालं की समोर समुद्रच. त्यांनी चष्मा बदलला. विमान बघून म्हणाले हे सेसना १७२ दिसतंय, आपलं १८२ होतं. मग थ्रॉटलचं चाक पुढे सारलं, विमान पळायला लागलं, जरा डावीकडे गेलं, सावरलं, उडालं. हॅट ढकलून मान वळवली. ब्रेक लागला नाही, मी श्वास सोडला. समुद्रावर आल्यावर काठी मागे धरून धरून त्यांचा हात कापायला लागला, तसं त्यांनी खाली बघितलं आणि विचारलं, "ही टेप कोणी मारली गं?"

"मी. ती चाकं हलली की मधला बिंदू सरकतो."

"अगं सरकायलाच आहेत ती. हात भरून आला की फिरवायचं," म्हणाले आणि डाव्या हाताच्या नखानं टेप उचकटायला लागले. उजवा हात काठीवरच होता.